खाटेच्या कठड्यावरची बुरशी

"मग आता कुठलं औषध देऊ, बाई? तेवढं सांगा."

डॉ. कौस्तुभ नाईकनवरे प्रयोगशाळेच्या दारातच उभा होता. अतिदक्षता विभागाचा तो प्रमुख. बसायलाही तयार नव्हता.

बाई म्हणजे डॉ. कुमुद मिरीकर. त्याच्या गुरू. जंतुशास्त्र तो त्यांच्याकडूनच शिकला होता. निवृत्त झाल्यावरही रुग्णालयानं त्यांना परत बोलावलं होतं, कारण बाकी सगळी हरल्यावर द्यायची शेवटच्या फळीतली औषधं त्यांच्या सहीशिवाय कपाटाबाहेर काढायची नाहीत, असा नियम होता.

बाईंनी एक काचेची बशी उचलून त्याच्यासमोर ठेवली.

बशीत अश्विनी धोंगडेच्या रक्तातली बुरशी वाढवली होती. तिच्यावर बुरशी मारणाऱ्या पाच औषधांत भिजवलेल्या कागदाच्या पाच टिकल्या. औषध चालत असेल तर टिकलीभोवतीची बुरशी मरते आणि स्वच्छ कडं उमटतं. इथं ती टिकल्यांना खेटून वाढली होती. एकाच टिकलीभोवती कडं होतं, तेही अगदी बारीक.

अश्विनी अंगणवाडी सेविका. स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडलं म्हणून आली होती. ऑपरेशन नीट झालं. पुढं श्वासाचा त्रास झाला, म्हणून तिला कौस्तुभच्या विभागात हलवलं. तिथं ताप चढला. तो उतरेना.

"कुठून आली ही बुरशी?" बाईंनी विचारलं.

कौस्तुभ भडकला. म्हणाला, दुकानांत चिठ्ठीशिवाय गोळ्या चण्या-फुटाण्यांसारख्या विकतात. गावोगावचे भोंदू सर्दीलाही सलाईन लावतात. कोंबड्यांच्या खाद्यात औषधं घालतात. लोकांना दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फडताळात जातात.

"आणि शेवटी सगळे माझ्या दारात येऊन पडतात," तो म्हणाला.

"यातलं काही खोटं नाही," बाई म्हणाल्या. "पण मी हिच्याबद्दल विचारलं."

बाईंनी दुसरी बशी काढली. तीच बुरशी. तीच टिकल्यांना खेटलेली वाढ.

"हा कोण रुग्ण?"

"रुग्ण नाही. तुझ्याकडच्या रिकाम्या खाटेचा कठडा. फिनेलनं पुसल्यानंतरचा."

कौस्तुभनं बशी उजेडात धरून पाहिली.

ही गोष्ट बाईंनी त्याला आधीही सांगितली होती. थोडे दिवस विभाग बंद ठेव, नवा रुग्ण घेऊ नको, सगळं नीट निर्जंतुक कर, साध्या फिनेलला ही बुरशी दाद देत नाही. तेव्हा तो हसला होता. नव्या इमारतीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, अशा वेळी अतिदक्षता विभागाला कुलूप लावलं तर बोभाटा झाला असता. बाई, तुमचा काळ वेगळा होता, असंही तो म्हणाला होता.

"ताप आल्यावर हिला काय काय दिलंस?"

त्यानं जंतू मारणाऱ्या औषधांची नावं घेतली. सगळी सहीशिवाय मिळणारी, पण एकाहून एक जबर.

"तपासणीचा अहवाल यायच्या आत?"

"वाट बघत बसलो असतो तर? सुरक्षित राहावं म्हणून दिली."

"कुणी सुरक्षित राहावं म्हणून?"

कौस्तुभनं बशी बाजूला सरकवली.

"भलेबुरे सगळे जंतू मारलेस," बाई म्हणाल्या. "बुरशीला रान मोकळं करून दिलंस."

कौस्तुभनं तो विषय तिथंच सोडला. ज्या टिकलीभोवती कडं होतं, त्या औषधासाठी त्यानं बाईंची सही मागितली. एकट्या अश्विनीसाठी नव्हे. विभागातल्या सगळ्या रुग्णांसाठी, खबरदारी म्हणून.

बाईंनी अश्विनीपुरती सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना स्वच्छ खाट दे."

उद्या त्यातलं कुणी दगावलं तर जबाबदारी तुमची, असं बजावून तो निघून गेला. जाताना दार आपटलं.

औषध सुरू झालं. ताप उतरला. अश्विनी एकदा नवऱ्याकडे बघून हसलीसुद्धा. मग ताप पुन्हा चढला. औषधाला उशीर झाला होता. आठवडा संपायच्या आत, एका दुपारी ती गेली.

तिचा नवरा महादेव बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. अपघाताच्या दिवशी तो वरातीतून निघून बँडच्या लाल कोटातच धावत आला होता. आज तो बाहेरच्या बाकावर बसला होता. ऑपरेशनआधी काढून दिलेल्या तिच्या बांगड्या त्यानं रुमालात बांधल्या होत्या.

तो रडत नव्हता. कौस्तुभ बाहेर आला तसं त्यानं मान वर केली.

"पाय मोडल्यानं माणूस मरतं का, डॉक्टरसाहेब?"

कौस्तुभनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "आम्ही शर्थ केली. त्यांची प्रतिकारशक्ती कमी पडली."

"कुणाची?"

हे बाईंनी विचारलं. त्या जिना चढून आल्या होत्या. त्यांना धाप लागली होती. कौस्तुभनं नजरेनं त्यांना थांबवायचा प्रयत्न केला.

त्या थांबल्या नाहीत. बाकावर महादेवशेजारी बसल्या आणि त्यांनी हात जोडले.

"तुमची बायको धडधाकट होती," त्या म्हणाल्या. "हा आजार तिनं घरून आणला नाही. तो तिला इथं लागला. तो इथं आहे हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही विभाग बंद केला नाही."

महादेव त्यांच्याकडे बघत राहिला. हातातल्या रुमालाची गाठ त्यानं आणखी आवळली.

"ठाऊक होतं…" तो म्हणाला. तो उठला आणि भिंतीला धरून जिना उतरला.

कौस्तुभ बाईंच्या मागोमाग प्रयोगशाळेत आला. दार लावून घेतलं. रागानं त्याचा आवाज चिरकत होता. हा माणूस आता कोर्टात जाईल, उद्या वर्तमानपत्रांत छापून येईल, पोरापोरींनी रात्रंदिवस राबून उभा केलेला विभाग तुम्ही दोन वाक्यांत मातीत घातलात, असं तो बोलत राहिला.

बोलून बोलून तो थकला. स्टुलावर बसला.

"चुकलं," तो हळूच म्हणाला. "बंद करू विभाग. उद्घाटन होऊन जाऊ दे, मग करू."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. विभागातून होता. अश्विनीची खाट पुसून झाली होती. अपघातातला एक तरुण खाली थांबला होता.

कौस्तुभ क्षणभर घुटमळला.

"घ्या वर," तो म्हणाला.

बाईंनी हात पुढं करून त्याच्या हातातला फोन काढून घेतला. त्याला वर घेऊ नका, दुसरीकडे सोय करा, विभागात आता कुणालाही घ्यायचं नाही, असं त्यांनी पलीकडच्याला सांगितलं. फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला.

कौस्तुभ ताडकन उठला. पण फोनला त्यानं हात लावला नाही.

"जरा वेळ द्या, बाई," तो म्हणाला. "एका दिवसात कुणी शिकत नाही."

"बुरशी चार औषधांत शिकली, कौस्तुभ. तुला अजून किती माणसं लागणार आहेत?"