मागच्या सीटचं प्लास्टिक

नवी गाडी आली की गल्लीभर पेढे वाटायचे, त्या काळातली गोष्ट. फणसे वकिलांच्या गाडीत चामड्याच्या दोन सीट नांदत होत्या. पुढची रोज वकिलांच्या वजनाखाली दबायची. मागचीवर मात्र शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. "पाहुणे आले की काढू," असं वकिलीणबाई म्हणायच्या, आणि पाहुणे प्लास्टिकवरच बसून जायचे.

वर्षं गेली. पुढचीला भेगा पडल्या. मागचीला तिच्याकडे बघवेना. "काय अवतार झालाय तुझा," ती म्हणाली. "मला बघ. अजून कुणाचा हात लागलेला नाही."

"दिसतंय," पुढची म्हणाली.

एके दिवशी वकिलांनी कुशनचं काम करणाऱ्या बशीरचाचांना बोलावलं. चाचांनी पुढचीला पुसून तेल चोळलं, भेगा बुजवल्या, रंग दिला. चामडं मऊ पडलं. मागची आपल्या कौतुकाची वाट बघत होती. चाचांनी तिचं प्लास्टिक ओढलं, तर त्याला चिकटून चामड्याचे पापुद्रेही निघून आले. खाली बुरशी होती.

"वकीलसाहेब, हिचा जीव गुदमरला," चाचा म्हणाले. "ही आता कामाची नाही."

मागची अंगणात भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या जागी नवी सीट बसली. वकिलीणबाईंनी नव्या सीटकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "चाचा, हिला आधी प्लास्टिक घाला."

नव्या सीटने प्लास्टिकच्या आतून भिंतीकडे पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "अंगाची जरा निगा राखायची असते."