खडकावरची भिंगी

फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या काठी पाणमांजरांच्या पिल्लांची शाळा भरायची. म्हातारी तुळसामावशी शिकवायची. त्यांतली भिंगी रोज यायची, पण पाण्यात न उतरता खडकावर शेपूट चाटत बसायची.

एकदा मावशीने सगळ्या पिल्लांना विचारलं, "मोठी झाल्यावर काय करणार रे?" कुणी समुद्रापर्यंत पोहणार होतं, कुणी मगरीला चकवणार होतं. भिंगीला मात्र पुढचं काहीच दिसेना. ती गोंधळून म्हणाली, "मावशी, यांना हे कुणी सांगितलं? मलाच कसं ठाऊक नाही?"

मावशीने पाण्यातल्या एका दगडाकडे पंजा दाखवला. "त्या दगडाखाली खेकडा आहे," ती म्हणाली, "मला आता बुडी मारवत नाही. तेवढा काढून दे, बाई."

भिंगीने बुडी मारली. खेकड्याने तिचं नाकच धरलं. ती ओरडत वर आली, तशी पिल्लं हसली, पण एकाने सांगितलंही, "मागून धर गं!" चौथ्या खेपेला खेकडा हाती आला.

"पलीकडच्या कपारीत याहून मोठा असेल?" भिंगीने धापा टाकत विचारलं.

"असेल. पण तिथे पाण्याला ओढ फार. तुला नाही जमायचं."

"पावसाळा सरला की जमेल," भिंगी पटकन म्हणाली, आणि आपण हे कशाच्या जोरावर बोललो, ते तिचं तिलाच कळेना.