हळदीची रेघ

थांबा, थांबा! आधी ती केशरी जाकिटं चढवा, फोटो मग काढा. धक्क्यावर नियमांचा एवढा मोठा फलक लावलाय, कुणी वाचला का? नाहीच वाचणार. मग टेका जरा या पायरीवर. मी धाकू तांडेल, चाळीस वर्षं या शेवऱ्याच्या खाडीत माणसं पार करायची होडी चालवतोय. माझ्या होडीला बाहेरून ती पिवळी रेघ दिसते ना? ती मी काढलेली नाही.

फार जुनी गोष्ट, म्हणे. तेव्हा इथं हिरोजी तांडेल होता. त्यानं होडीला चुन्याची रेघ ओढली होती. माणसं चढता चढता पाणी रेघेला लागलं की शेवटचा चढलेला खाली उतरायचा, मग तो खोत असो की भटजी. त्याची मुलगी येसू धक्क्यावरून विचारायची, "रेघ कोरडी?" सगळ्यांनी वाकून बघायचं आणि ओरडायचं, "कोरडी!" मगच वल्हं पाण्यात पडायचं.

येसूचं लग्न पलीकडच्या गावात ठरलं. वऱ्हाड जमलं ते दोन खेपांचं. पण म्हातारी माणसं अडून बसली, नवरीचं वऱ्हाड तोडून न्यायचं नाही, अपशकुन होतो. मुहूर्त जवळ आलेला. साऱ्या गावाला उतरवणारा हिरोजी लेकीच्या लग्नात मऊ पडला. त्यानं काय केलं ठाऊक आहे? जुनी रेघ खरवडली आणि चार बोटं वर नवी ओढली. नियम मोडला नाही हो, नुसता सरकवला!

येसूच्या ते लगेच ध्यानात आलं. "बाबा, रेघ वर कशी गेली?"

"आजच्या दिवस चालतंय गं पोरी."

ती होडीत चढली. होडीच्या कडेला बसली आणि हळदीनं माखलेला हात पाण्यात सोडून जुन्या रेघेच्या जागी टेकवून ठेवला.

असं सांगतात, त्या सकाळी वारा नव्हता, लाट नव्हती. धुकं इतकं दाट की दोन्ही काठ विरून गेले होते. बायका लग्नाची गाणी म्हणत होत्या. मधोमध आल्यावर पाणी कडेवरून अगदी हळू आत यायला लागलं, आणि गाण्याचं कडवं संपायच्या आत होडी उलटली. लाकूडच ते, तरंगलं. तिला धरून सगळे वाचले. येसू तेवढी सापडली नाही. भिजलेला शालू फार जड होतो हो.

दुसऱ्या दिवशी होडी ओढून काठावर घेतली. नवा चुना धुऊन गेला होता, आणि चार बोटं खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळीधमक रेघ उमटली होती. हिरोजी तिच्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला. पुन्हा त्यानं वल्ह्याला हात लावला नाही.

आजही इथं नव्या होडीला कुठलाही रंग द्या, पहिल्या भरतीनंतर ती रेघ उमटतेच, म्हणे. बाकीच्यांचं मला माहीत नाही, माझ्या होडीवर उमटली. आणि आजही इथलं वऱ्हाड दोन खेपांत जातं.

चला, बसा आता. सावकाश. हं, आता वाकून बघा सगळे. रेघ कोरडी?

भिजली ना? मग भाऊ, तुम्ही शेवटी चढलात, तुम्ही उतरा. रागावू नका. वहिनींना आणि मुलांना पलीकडे सोडतो आणि तुम्हाला न्यायला येतो. अर्धा तास लागेल फार तर. हिरोजीकडे तेवढाच वेळ नव्हता.