वस्ताद गिऱ्हाईक झाले

"मग आता शिकायचं काय राहिलंय, वस्ताद?"

जोतिरामनं हे विचारलं तेव्हा तातोबा वस्ताद होडीतलं पाणी डब्यानं उपसत होते. त्यांनी एक डबा उपसला... दुसरा उपसला...

वाघजाई तलावावर धुकं असं बसलं होतं, की पलीकडचा डोंगर कुणी उचलून नेला असता तरी पत्ता लागला नसता.

तातोबा वस्ताद एके काळी तालीम चालवायचे. पुढं पोरं लाल माती सोडून जिमला जायला लागली, तालमीला कुलूप पडलं, आणि वस्ताद तळ्यावर आले. शहरातली हौशी माणसं गळ टाकायला यायची. वस्ताद त्यांना होडीत घालून मरळीपर्यंत न्यायचे. मरळ म्हणजे या तळ्यातली वाघीण. पाण्यातल्या झुडपात दबा धरून बसणार, झडप घालणार आणि गळासकट खोडात घुसणार.

जोतिराम त्यांचा शेवटचा पठ्ठा. कुस्ती अर्धी शिकला होता, तळं मात्र पुरतं शिकला. निदान त्याला तसं वाटत होतं.

"सांगा की," तो म्हणाला. "थंडीत मरळ कुठं बसती, ठावं हाय. ऊन पडलं की कुठं सरकती, ठावं हाय. आभाळ आलं, वारं सुटलं, तर काय करायचं, समदं पाठ हाय. लोक आता माझं नाव सांगत येत्यात."

"येत्यात की," वस्ताद म्हणाले.

"पलीकडचं रिसॉर्टवालं म्हणत्यात, रविवारपासून ये. नवी होडी देतो. पण तुमचा शब्द पायजे म्हणत्यात. तेवढा एक शब्द टाका."

वस्तादांनी डबा पालथा घातला. त्यावर हात टेकून उठले.

"आज मी गिऱ्हाईक," ते म्हणाले.

"आं?"

"आज मी गिऱ्हाईक. तू घेऊन चल."

एवढं बोलून ते खोपटात गेले आणि परत आले ते माकडटोपी, मफलर आणि काळा चष्मा घालून. चष्मा कुणा गिऱ्हाइकाचा विसरून राहिलेला होता. त्या धुक्यात त्यांना पुढचं पाऊल तरी दिसत होतं की नाही, देव जाणे.

ज्या माणसाची पाठ पंचक्रोशीत कुणी मातीला लावली नव्हती, तो माणूस होडीत पाय टाकताना "अहो धरा, धरा" करत जोतिरामच्या गळ्यातच पडला.

"सावकाश, वस्ताद."

वस्तादांनी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"कोण वस्ताद?" ते एकदम शुद्ध बोलायला लागले. "आम्ही पुण्याहून आलो आहोत. आणि आम्हाला पोहता येत नाही."

जोतिरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही परीक्षा आहे. म्हातारा आपला संयम बघणार. त्यानं मनातल्या मनात लंगोट कसला आणि वल्हं हातात घेतलं.

"बसा, साहेब," तो म्हणाला. "घाबरू नका."

पुढं जे गिऱ्हाईक त्याच्या वाट्याला आलं, तसं तळ्यावर आजवर कुणी आलं नव्हतं.

"अहो गाईड, या तळ्यात मासे आहेत ना नक्की?"

"हायेत, साहेब."

"मग दिसत का नाहीत?"

"पाण्यात असत्यात, साहेब."

पहिल्याच फेकीला वस्तादांनी गळ जोतिरामच्या स्वेटरमध्ये अडकवला. दुसऱ्या फेकीला दोऱ्याचा असा गुंता केला, की सुगरणीनं बघून घरटं शिकावं. तिसऱ्या फेकीला त्यांना तहान लागली. जोतिरामनं गळ सोडवला, गुंता सोडवला, पाणी दिलं. चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही.

"असू द्या, साहेब. पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं."

गार पाण्यात मरळ सुस्त असते, म्हणून त्यानं होडी उथळ काठाला घेतली. "आता धुकं वर जाईल," तो म्हणाला, "ऊन ह्या कोपऱ्यात आधी पडतं. त्या उबेला मरळ येती. बघाच तुम्ही."

धुकं वर गेलं. त्याच्या जागी आभाळ आलं.

"ऊन कुठे आहे, गाईड?"

"...आभाळ आलं, साहेब. हे तर लई चांगलं. आभाळात मरळ मोकळ्यावर फिरती."

तो होडी मोकळ्या पाण्यात घेऊन गेला, तर पूर्वेचा वारा सुटला. असा गार, की नाकाचा शेंडा आहे की गळाला लावून टाकलाय, हे चाचपून बघावं लागावं. जोतिराम म्हणाला, वाऱ्यात ती आडोशाला जाते. आडोशाला पोचेपर्यंत वारा थांबला आणि चक्क ऊन पडलं. पुन्हा उथळ काठ गाठला, तर बुरबुर पाऊस सुरू झाला. ऐन मार्गशीर्षात.

दर वेळी त्याच्याकडं एक कारण तयार असायचं, आणि दर वेळी वस्ताद मान डोलवून विचारायचे, "मग आता लागणार का?"

एवढं सगळं होऊनही जोतिराम चिडला नाही. बुडालेल्या बाभळींच्या खोडांजवळ होडी लावताना तर तो स्वतःवरच खूश होता. म्हाताऱ्यानं सगळे डाव टाकून बघितले, पण आपण काही चीत झालो नाही.

वस्ताद आता गळाची काठी गुडघ्यात धरून शेंगा सोलत होते. दोऱ्याच्या टोकाला लावलेला रबरी बेडूक पाण्यावर नुसता तरंगत होता.

"साहेब, बेडूक हलवत ऱ्हावा."

"त्याला थोडी विश्रांती..."

पाणी फुटलं.

बेडूक गेला. काठी कमानीसारखी वाकली, शेंगा होडीभर उडाल्या. वस्तादांनी दोन्ही हातांनी काठी कशीबशी आवळली.

"अहो गाईड, हे ओढतंय."

"काठी वर, साहेब."

वस्तादांनी काठी खाली केली.

"वर. वर. आणि ढील द्या."

वस्तादांनी रीळ घट्ट आवळलं. दोरा खोडांकडं चालला. एकदा का मरळ त्या बाभळीत शिरली, की दोरा तुटणार हे लिहून ठेवलेलं. अशी मरळ वर्षातून एखाद्या वेळी लागते. जोतिरामच्या मनगटात काहीतरी शिवशिवलं...

पुढं काय झालं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. काठी त्याच्या हातात होती, एक पाय होडीच्या काठावर होता, आणि तो दोरा सोडत होता, आवळत होता, मरळीला खोडापासून वळवत होता. एकदा ती पाण्याबाहेर उसळली. दोनदा होडीखालून गेली. जोतिराम तसूभर हलला नाही. शेवटी दमून ती आडवी झाली, तेव्हा त्यानं हलक्या हातानं जाळीत घेतली.

काय मरळ होती. हातभर लांब, मांडीसारखी जाड, पाठ शेवाळलेल्या दगडासारखी.

"घ्या साहेब," जोतिराम धापा टाकत म्हणाला. चेहरा नुसता फुलून आला होता. "तुमची मरळ."

वस्तादांनी ती घेतली नाही.

ते फळीवर तसेच बसले होते. उजवी मूठ वर, डावी खाली, अंगठा तिथं नसलेल्या रिळावर. हातात काठी नव्हती. हात मात्र काठी धरून होते.

"साहेब?"

...

"वस्ताद?"

काळ्या चष्म्यातून काहीच कळत नव्हतं. बुरबुर पाऊस त्या रिकाम्या मुठींवर पडत होता.

जोतिरामनं वल्हं मारायला घेतलं. होडीतून उतरतानाही वस्तादांनी मुठी सोडल्या नाहीत. मघाशी गळ्यात पडणारा माणूस हात तसेच धरून, कशाचाही आधार न घेता, टुणकन काठावर उतरला.

खोपटात वस्तादांची बायको, हौसाकाकू, चहा गाळत होती. तिनं कप पुढं केला. वस्तादांनी घेतला नाही.

"चहा घ्या की."

"हात गुंतल्यात," वस्ताद म्हणाले.

हौसाकाकूनं त्यांच्या मुठींकडं बघितलं. मग मरळीकडं. मग जोतिरामकडं. चाळीस वर्षांचा संसार होता, तिला फार विचारावं लागलं नाही.

"काढून घेतलीस व्हय रं काठी, त्यांच्या हातनं?"

जोतिरामचा चेहरा पडला.

"सुटली असती, काकू," तो म्हणाला. "खरंच सुटली असती. खोडात चालली हुती."

वस्तादांनी हात खाली घेतले. बोटं मोकळी केली. कप उचलला आणि एक घोट घेतला...

"सुटली असती," ते म्हणाले. आणखी एक घोट घेतला.

"माझी सुटली असती."

त्या दुपारी मरळीचं झणझणीत कालवण झालं. वस्तादांनी दोनदा मागून घेतलं. जोतिराम ताटातला भात नुसता चिवडत राहिला. संध्याकाळी त्यानंच रिसॉर्टवाल्यांना फोन केला आणि म्हणाला, रविवारी नको. अजून जरा काम बाकी आहे.

मार्गशीर्ष संपला. पौषातली थंडी पडली, मोडली, पुन्हा पडली. हवेचं काही खरं नव्हतं. जोतिराम गिऱ्हाइकांना घेऊन जात होता, पण पूर्वीसारखं "बघाच तुम्ही" म्हणत नव्हता.

अशातच एकदा जयसिंगपूरचे शामराव इंगवले आले. पाण्याच्या मोटारींचं मोठं दुकान, आवाज त्याहून मोठा. आयुष्यात मासा धरलेला नव्हता, पण धरणार याबद्दल शंका नव्हती. सकाळी ऊन होतं म्हणून स्वेटर गाडीतच ठेवून आले, आणि तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर वारा सुटला. जोतिरामनं आपला स्वेटर काढून त्यांना दिला आणि स्वतः पोतं पांघरून बसला.

दिवस कलायच्या आधी इंगवल्यांच्या गळाला मरळ लागली. मोठी लागली. पुन्हा त्याच बुडालेल्या बाभळींपाशी.

"अरे धर, धर," इंगवले ओरडले.

"काठी वर धरा, मालक," जोतिराम म्हणाला. "ढील द्या. आता आवळा. सोडा. सोडा, मालक..."

बोलत सगळं होता. दोन्ही हात मात्र त्यानं वल्ह्यावर असे आवळून ठेवले होते, की सोडले असते तर ते आपल्या आपण काठीकडं गेले असते. मरळ उसळली. इंगवले फळीवरून खाली आपटले. दोरा खोडाला घासला आणि तटकन तुटला.

पाणी शांत झालं.

इंगवले सैल दोऱ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी जोतिरामकडं बघितलं. खोपटाशी पोचल्यावर सगळं बाहेर पडलं.

"वस्ताद, हा तुमचा पठ्ठा? एवढी मरळ लागली माझ्या गळाला, आणि हा बाबा नुसता बघत बसला. असला कसला गाईड?"

वस्ताद सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले.

"हात लावला न्हाई त्यानं?"

"नाही."

"काठीला?"

"अहो, बोट लावलं नाही. हवं तर त्यालाच विचारा."

वस्तादांनी जोतिरामला काही विचारलं नाही. तो पोतं पांघरून दारात उभा होता, थंडीनं दात वाजत होते. त्यांनी एक स्टूल इंगवल्यांकडं सरकवलं.

"बसा. केवढी हुती?"

इंगवले आणखी काहीतरी रागाचं बोलणार होते. ते थांबले. स्टुलावर बसले. हात पुढं केले आणि दोन तळव्यांमध्ये अंतर धरलं...

"एवढी," ते म्हणाले.

"आन लागली कशी?"

मग इंगवले सांगायला लागले. वारा कसा सुटला, बेडूक कुठं पडला, पाणी कसं फुटलं. हौसाकाकूनं चहा दिला तो निवून गेला. आवाज खाली आला होता, डोळे चमकत होते. उसळी मारली तेव्हा मरळीनं आपल्याकडं बघितलं, असं त्यांचं म्हणणं होतं. सरळ डोळ्यात डोळे घालून. दोरा तुटला त्या क्षणाशी आले तेव्हा त्यांनी मांडीवर अशी थाप मारली, की कोंबडी खोपटाबाहेर पळाली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"पुढच्या आठवड्यात येतो," ते म्हणाले. "तिला मी ओळखतो आता. आणि हाच गडी पाहिजे मला सोबत. दुसरा कुणी नको."

वस्तादांनी जोतिरामला खुणेनं जवळ बोलावलं.

"रिसॉर्टवाल्यांस्नी फोन लाव," ते हळूच म्हणाले. "रविवारपास्नं येतो म्हन."

जोतिरामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो वस्तादांच्या तोंडाकडं बघत राहिला. ते इंगवल्यांचं ऐकण्यात गुंगले होते.

तोवर इंगवल्यांचे दोन्ही हात असे फाकले होते, की हौसाकाकूला चहाचं भांडं उचलून मागं घ्यावं लागलं.

जोतिरामला राहवेना. तो वस्तादांच्या कानाशी वाकला.

"पण वस्ताद... एवढी नव्हती ती."

"गप ऱ्हा," तातोबा वस्ताद म्हणाले. "मरळ त्यांची हाय. केवढी हुती ते त्येच ठरवतील."