मातीत सांडलेले पीठ

गोदाकाठच्या बोरसरी गावात शमुवेलबाबा मुक्कामाला आले की ख्रिस्तवाड्याची पहाट एकतारीच्या सुराने उजाडे. बाबा म्हणजे फकीर माणूस. घर नाही, दार नाही. अंगावर एक घोंगडी आणि मुखी प्रभू येशूचे नाव. ज्या घरात सगळ्यांत कमी शिजे, तिथे ते जेवत आणि 'पोट भरले' म्हणून उठत. त्या खेपेस ते हौसाच्या पडवीत उतरले आणि पंचांच्या कपाळाला आठी पडली.

हौसा पूर्वी तमाशाच्या फडात नाचत असे. बाबांच्या कीर्तनात तिने देवाच्या कृपेची गोष्ट ऐकली, पायांतले चाळ उतरवले आणि नदीत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती देवळाच्या आवारातल्या खोपटात राहून ती लोकांची दळणे दळी. पण बाप्तिस्मा झाला तरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, काही तिला मिळेना! मंडळीचे पंच थोमाजी पाटोळे म्हणत, "आधी वागणूक बघू." वागणूक बघण्यात वर्षे गेली. प्रभूचे मेज मांडले जाई, सगळे आत भाकर घेत, आणि ही बाई दाराबाहेर चपलांशेजारी बसून राही.

थोमाजी उपास करीत, कमाईचा दशांश देत, स्तोत्रे तोंडपाठ म्हणत. सगळे खरे! पण म्हणून देवाने स्वर्गाच्या किल्ल्या काय पाटोळ्यांच्या खुंटीला टांगून ठेवल्या होत्या?

हे फडाच्या मालकाच्या कानावर गेलेच. त्याने निरोप धाडला, 'मंडळी घेत नाही ना? मग परत ये. रविवारी गाडी पाठवतो.' थोमाजींनी हे ऐकले आणि त्यांना आयतेच निमित्त सापडले. "फडाची गाडी जिच्या दारात येती, तिला आवारात थारा न्हाई. रविवारची उपासना झाली की खोपट मोकळं कर." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

हौसा बाबांपुढे रडली. "बाबा, मला न्हाई जायचं त्या नरकात. पर इथनं काढल्यावर जाऊ कुठं?"

बाबा म्हणाले, "पोरी, रविवारी मेज मांडतील. तू तुझं मूठभर पीठ घेऊन ये."

बोरसरीच्या मंडळीची रीतच तशी होती. प्रभुभोजनासाठी घरटी मूठभर ज्वारीचे पीठ गोळा व्हायचे आणि सगळ्यांच्या पिठाची मिळून एकच भाकरी थापली जायची. हौसाकडून मात्र पीठ कोणी मागितले नव्हते.

रविवारी ती वाटीत पीठ घेऊन देवळाच्या दारात आली. आवाराबाहेर फडाची गाडी उभीच होती. गाडीवान विडी ओढत हसत होता. थोमाजींची बायको रिबकाबाई अंगणातल्या चुलीपाशी काठवट घेऊन बसली होती. हौसाने वाटी पुढे केली, तोच थोमाजी धावले.

"ज्या हातांनी शिट्ट्यांवर मुजरे केले, त्या हाताचं पीठ प्रभूच्या मेजावर?" त्यांनी वाटी हिसकावली आणि मातीत उपडी केली. "घ्या, कोंबड्यांनो!"

कोंबड्या धावल्या. चार माणसे हसली! ख्रिस्ताचे नाव घेणारी माणसे हसली! हौसाला वाटले, जमीन दुभंगावी. बाबा मात्र पायरीवर डोळे मिटून बसले होते.

रिबकाबाईने आधणाचे पाणी घालून पीठ मळले, गोळा थापायला घेतला, आणि भाकरी हातातच फाटली. पुन्हा मळले. ती तव्यावर पडता पडता दुभंगली.

"पिठाला विरी न्हाई, चिकटपणाच न्हाई," थोमाजी म्हणाले. "कुणीतरी जुनं पीठ दिलंय. आपल्या घरचं आण, सकाळीच दळलेलं."

घरचे ताजे पीठ आले. त्याचेही तुकडेच झाले. रिबकाबाई गावातली नावाजलेली सुगरण. तिच्या भाकरीला कधी चीर गेली नव्हती. तिने हात काठवटीत तसेच ठेवले आणि ती नवऱ्याकडे बघू लागली. आता कुणी हसेना.

तेव्हा बाबा उठले. कोंबड्यांना हाकलून ते गुडघ्यांवर बसले, आणि मातीत राहिलेले पीठ त्यांनी बोटांनी टिपून घेतले. जेमतेम चिमूटभर.

"बाबा, माती हाय त्यात!" थोमाजी ओरडले.

"माझ्यातही माती आहे," बाबा म्हणाले. "थोमा, तुला देवानं दुसऱ्या कशाचं घडवलं का रे?"

त्यांनी चिमूट काठवटीत टाकली. "हौसा, थाप."

हौसाने भाकरी थापली. कडा गोल, मध्ये एक चीर नाही! तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्याला लावली, आणि भाकरी टम्म फुगली. रिबकाबाईने तोंडाला पदर लावला. "प्रभू, प्रभू!" म्हणत सारे अंगण गुडघ्यांवर आले. गाडीवानाने विडी टाकली आणि कुणाला काही न विचारता बैल माघारी वळवले.

हौसाची मान ताठ झाली. खोटे कशाला सांगा, तिच्या मनात आले, 'बघा, कोण शुद्ध ते!'

बाबांनी तिच्याकडे पाहिले. "पोरी, तू चांगली म्हणून भाकरी जुळली, असं समजू नकोस हो. लायकीनं इथं कुणालाच घास मिळत नाही. मेज त्याचं, भाकर त्याची. कुणाला बोलवायचं ते तो ठरवतो. कुणाला विचारून ठरवत नाही."

हौसाची मान खाली गेली.

मेज मांडले. हौसा प्रथमच आत बसली. पण थोमाजींची जागा मोकळी! ते बाहेर, चपलांशेजारी बसले होते. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी हाक मारली, तरी उठेनात. "माझी लायकी न्हाई," एवढेच पुटपुटले.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडून हौसाच्या हातावर ठेवला. "त्याला नेऊन दे."

त्या चपलांशेजारी हौसाने किती रविवार काढले होते! बसू दे की जरा. एक दिवस तरी कळू दे! तुकडा मुठीत धरून ती तशीच उभी राहिली. सगळी मंडळी बघत होती. शेवटी ती चालत दारापर्यंत गेली आणि तिने हात पुढे केला.

थोमाजींनी वर पाहिले. हात पुढे करायच्या ऐवजी ते वाकले, आणि त्यांचे कपाळ हौसाच्या पायांवर टेकले.

हौसा झटकन मागे सरली, खाली बसली आणि तिने त्यांचे खांदे धरून त्यांना उठवले.

"उठा, दादा," ती म्हणाली. "भाकर निवतीय."