दयाळाला सागवानी घर

“मग त्यांना आणखी काय हवं होतं, बाबा?”

बळवंतराव शितोळ्यांनी काखेतली लाकडी पेटी लतीफबाबांसमोर ठेवली. टेकडीवरच्या दर्ग्याशेजारी बाबांची पत्र्याची खोली होती आणि समोर कडुलिंबाचा पार. माणसं तिथे आपापली दुखणी घेऊन येत. पेटी घेऊन आलेला माणूस मात्र पारावर बसणारे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

पेटी पाखरांसाठी होती. अस्सल सागवान, वर पॉलिश, पुढे गोल भोक आणि भोकाखाली बसायला छोटी दांडी. तिच्यावर कुंकवाचं बोटही होतं, कारण ती आंब्यावर टांगण्यापूर्वी बळवंतरावांनी भटजी बोलावून तिची वास्तुशांत केली होती. सारा जन्म ओव्हरसियरकीत गेलेला माणूस. मुहूर्ताशिवाय त्यांनी कधी संडासही बांधला नसेल.

दयाळाची एक जोडी राहायला आली होती, ते सांगू लागले. नर पहाटे गाऊन घर डोक्यावर घेई, मादी काड्या आणि गवत आणी. मग एके दिवशी दोघंही गेली ती परतलीच नाहीत. भाडेकरू न सांगता पळाल्यासारखे बळवंतराव चिडले होते.

“पाखराची जातच कृतघ्न,” ते म्हणाले.

बाबांनी पेटी उचलून सगळीकडून पाहिली. ते सगळ्यांनाच अरेतुरे करत, साहेब असो की हमाल.

“भोक कुठल्या बाजूला ठेवलं होतंस?”

“ओसरीकडे. झोपाळ्यावरून दिसायला हवं ना.”

“आणि हे झाकण?”

“आत डोकवायला. बिजागरी पितळेची आहे. सकाळी स्टुलावर चढून पाहायचो, संध्याकाळी पुन्हा. त्यांना काय हवं-नको ते कळायला नको?”

“कडी बाहेरून...”

“आतून कशी असेल?” बळवंतराव हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी झाकण उघडून हात आत घातला, गवत बाजूला केलं आणि थांबले. तळाशी अंडी होती. निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. पार गार पडलेली.

अंड्यांचं बळवंतराव आम्हाला बोलले नव्हते.

आता बाबा काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी गवत पुन्हा सारखं केलं, झाकण लावलं आणि विचारलं, “खरं कशासाठी आलास?”

बळवंतरावांनी धोतराची निरी सारखी केली. मग सांगितलं. मुलगा विराज बायकोला घेऊन घरातून निघून गेला होता. कुठे, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. पण जाण्याआधी तो टेकडी चढून बाबांना भेटला होता, एवढं गावाला ठाऊक होतं. सुनेला दिवस गेले होते. आज ना उद्या ती बाळंत होईल आणि आजोबाला पत्ताही लागणार नाही, हे म्हणताना त्यांनी डोळे पुसले. माणूस गर्विष्ठ होता, पण दुःख खोटं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि तेवढाच रागही आला.

वरचा अख्खा मजला पोरांसाठी बांधला, ते म्हणाले. जिना मुद्दाम दिवाणखान्यातून काढला, म्हणजे येताजाता तोंडं तरी दिसतील. खोलीच्या दाराला आतून कडी तेवढी ठेवली नाही. घरच्याच माणसांपासून कसली कडी? सुनेने ती मागितली, तेव्हा त्यांना अपमान वाटला. विराजने सुतार आणून ती बसवून घेतली, तेव्हा त्यांनी तो बाहेर गेलेला पाहून ती उखडून टाकली.

“पत्ता सांगा, बाबा. तुम्हाला ठाऊक आहे.”

“आधी जेव.”

बाबांनी आतून भाकरी आणि वाटीभर आमटी आणली. ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि गुडघ्याला गुडघा लावून समोर बसले.

बळवंतरावांनी तुकडा मोडला. बाबा त्या बोटांकडे पाहत होते. तुकडा तोंडाशी गेला, बाबांची नजरही तिथवर गेली. ते चावू लागले तसे बाबा आणखी पुढे झुकले.

बळवंतरावांनी तोंड फिरवलं. बाबा उठून त्या बाजूला जाऊन बसले.

हसू येण्यासारखंच होतं ते. पारावर कोणी हसलं मात्र नाही.

पुढचा घास हातातच राहिला.

“असं पाहत बसलात तर घास उतरणार कसा?”

“तुला काय हवं-नको ते कळायला नको?”

बळवंतरावांनी घास ताटात ठेवला. त्यांची मान खाली गेली. बाण लागला, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. पण त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर जुना ओव्हरसियर परत आला होता.

“समजलं, बाबा. चूक माझीच. झाकण खिळे मारून बंद करतो आणि मागे काळी काच बसवतो. आतून त्यांना काही दिसणार नाही. मला सगळं दिसेल.”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

“आणि विराज?”

“त्याच्या दारात पाऊल टाकणार नाही. शपथ घेतो. समोर कुठेतरी एक खोली भाड्याने घेईन. लांबून पाहीन, बस. त्याला कळणारसुद्धा नाही... पत्ता तेवढा सांगा.”

बळवंतराव हात जोडून बसले होते आणि रडत होते. अगदी खरं रडत होते.

बाबांनी पेटी जवळ ओढली. झाकण उघडलं. एकेक करून अंडी बाहेर काढली, बळवंतरावांचे जोडलेले हात हळूच उलगडले आणि त्या ओंजळीत ती ठेवली.

“घे,” ते म्हणाले. “आता हवं तेवढं बघ.”