टिकायचं कुणी?

इचलकरंजीच्या विजयमाला खवरे बावन्नाव्या वर्षी पुन्हा नोकरी शोधत होत्या. कापड तपासण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरी अर्ज चाळून कारखान्याचे मालक आबासाहेब खेकसले, "चार नोकऱ्या बदलल्यात! आता तरी एका जागी टिकाल का, बाई?"

जातील तिथे हाच प्रश्न ऐकून विजयमालाबाई विटल्या होत्या.

"आबासाहेब, मी एकही नोकरी सोडली नाही. चारही कारखाने बंद पडले. प्रत्येक मालकानं मला 'टिकाल का?' म्हणून दटावलं होतं. मी टिकले, तेच गेले. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं उरलीत. तेवढी तुमचा कारखाना टिकेल का?"

आबासाहेबांनी अर्ज पुन्हा एकदा चाळला.

"धडपड तर चाललीय, बाई," ते हळूच म्हणाले. "सोमवारपासून या."